दीड इंचाचा कडेलोट

भाचा अमेरिकेहून आला की त्याची बॅग उघडण्याचा एक ठरलेला क्रम असतो. वर बदाम, त्याखाली चॉकलेटं, मग आईच्या गुडघ्यांसाठी मलम आणि अगदी तळाला माझ्यासाठी टी-शर्ट. हा टी-शर्ट त्याच्या अंदाजाने माझ्या मापाचा असतो. प्रत्यक्षात त्यात मी आणि समोरचे काका एका वेळी मावू. यंदा टी-शर्टच्या जागी एक पांढरा खोका निघाला. आत जे होतं ते पाहून वेल्डिंगवाल्याचा चष्मा आणि जेवणाचा डबा यांचं लग्न लागल्यासारखं वाटलं. पुढे ठोकळा, मागे लवचीक पट्टे आणि सोबत दोन्ही हातांत धरायच्या दोन मुठी.

"व्हीआर हेडसेट," भाचा म्हणाला. "आभासी वास्तव. मामा, हा डोळ्यांना लावलास की घरबसल्या कुठेही जाऊ शकतोस."

घरबसल्या कुठेही जाण्याचं मला फारसं अप्रूप नाही. बँकेच्या काउंटरवर बसून मी बत्तीस वर्षं तेच केलं. आईने 'वास्तव'च्या जागी 'वास्तू' ऐकलं आणि विचारलं, "वास्तुशांत परत करायची का रे?" मग तिने तो ठोकळा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि निदान सांगितलं, "हे डोळे आल्यावर लावतात ते."

तसा हा प्रकार आमच्या पिढीला अगदीच परका नाही. आमच्या चाळीत पलीकडच्या बिऱ्हाडात एक व्ह्यू-मास्टर होता. डोळ्यांना लावायचा, बाजूचा खटका दाबायचा, आतली गोल चकती 'खट्ट' करून सरकायची आणि ताजमहाल हाताच्या अंतरावर येऊन उभा राहायचा. एका चकतीत सात देखावे, बघायची फी दोन गोट्या. हे खेळणं १९३९ सालच्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातलं. चाळीत पोचायला त्याला तीसेक वर्षं लागली, पण दोन गोट्यांत पोचलं हे महत्त्वाचं. सात देखाव्यांसाठी चकतीवर चित्रं मात्र चौदा असायची. ही सात जादा चित्रं मालक आपल्यापासून लपवतो असा आम्हा सगळ्यांचा पक्का संशय होता, आणि त्यावरून एकदा मारामारीही झाली. खरा उलगडा चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ सालीच करून ठेवला होता: दोन डोळ्यांना एकाच वस्तूची जराशी वेगवेगळी चित्रं दाखवा, त्यांतून खोली तयार करण्याचं काम मेंदू करतो. तेही फुकट. मारामारी झाली तेव्हा हे सांगायला व्हीटस्टन चाळीत नव्हता.

हेडसेटमध्येही तेच. फरक इतकाच, की तुम्ही मान वळवलीत की देखावाही वळतो. हे पहिल्यांदा जमवलं ते आयव्हन सदरलँड या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने, १९६८ च्या सुमारास. त्याचं यंत्र असं अवजड होतं की ते नुसतं माणसाच्या डोक्यावर पेलण्यासारखं नव्हतं. ते छताला टांगलेलं असे आणि माणसाने त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. त्याला 'डॅमोक्लिसची तलवार' असं नाव पडलं. आपण जिला टांगती तलवार म्हणतो, तीच ही. एवढा खटाटोप करून आत दिसायचं काय, तर रेघारेघांचा एक चौकोनी ठोकळा. आज तेच यंत्र अर्ध्या किलोच्या आसपास आलं आहे. अर्धा किलो ऐकायला काही वाटत नाही. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा कपाळाला बांधून अर्धा तास बसून बघा, म्हणजे त्यातला गोडवा कळेल.

भाच्याने उत्साहाने पट्टे आवळले, माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर विचारलं (हा प्रश्न मला आजवर चष्मेवाल्याशिवाय कुणी विचारला नव्हता), चष्म्यासकट ठोकळा चेहऱ्यावर कसाबसा बसवला आणि मग पहिली अडचण सांगितली.

"मामा, दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागेल."

डोंबिवलीत साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा असेल तर लोक तिला खोली म्हणतात आणि भाड्याने देतात. भाच्याचं घर एडिसनला आहे. न्यू जर्सीतल्या घरांना बेसमेंट असतं, बेसमेंटमध्ये माणूस हातपाय पसरून वाटेल तिथल्या राक्षसाशी लढू शकतो. आमच्या खाली बेसमेंट नाही, दुसऱ्या मजल्यावरचे काका आहेत, आणि वर मसाला कुटला तरी ते झाडूच्या दांड्याने छत ठोकतात.

तरी आम्ही कामाला लागलो. टीपॉय गॅलरीत गेला. खुर्च्या स्वयंपाकघरात गेल्या, त्यामुळे स्वयंपाकघरात जाणं बंद झालं. दिवाण हलणार नव्हता, कारण त्याच्या पोटात घरातल्या सगळ्या गाद्या, दोन लग्नांचे अल्बम आणि एक न लागणारा पंप आहे. आईची खुर्चीही हलणार नव्हती, कारण तीत आई होती. मग भाच्याने हेडसेट लावून, मुठीतून निघणाऱ्या किरणाने जमिनीवर सीमारेषा आखली. खेळताना तुम्ही या रेषेजवळ गेलात की समोर हवेत जाळी उभी राहते आणि तुम्हाला मागे फिरवते. उरलेल्या जागेचा जो आकार झाला, तो महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता. कोकणपट्टीला चपलांचं कपाट, विदर्भाच्या टोकाला फ्रिजचा कोपरा, आणि गोव्याच्या जागी आई.

राहिला प्रश्न पंख्याचा. या विषयावर परदेशात काही विचार झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या छताला पंखा असला तरी तो आमच्यासारखा रात्रंदिवस पाचावर नसतो. पंखा चालू ठेवून हात वर केला तर हात जातो. पंखा बंद केला तर मे महिन्याच्या डोंबिवलीत चौथ्या मिनिटाला भिंगांवर वाफ धरते, घाम कपाळावरून फोममध्ये, फोममधून डोळ्यांत उतरतो आणि ज्या स्वर्गात आपण नुकतेच पोचलो तिथे दाट धुकं पसरतं. हात की डोळे, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. आमच्याकडे तो हिने घेतला. ही पंख्याच्या बटणापाशी उभी राहिली. माझा हात वर जाताना दिसला की बंद, खाली आला की चालू.

अशा रीतीने एक माणूस खेळायला लागला की आमच्या घरातली चार माणसं कामाला लागत. ही बटणावर, धाकटी लेक टीव्हीच्या पुढे हात पसरून, भाचा माझ्या मागे मला झेलायला, आणि आई गोव्यात बसून "भिंत, भिंत!" असं ओरडायला. जाहिरातीतला माणूस मोठ्या पांढऱ्या खोलीत एकटाच, तोंड उघडं टाकून हसत असतो. त्याच्याभोवती उभी असलेली माणसं कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवलेली असावीत. आजोळी आम्ही हाच खेळ एका पंच्यात खेळायचो. त्याला आंधळी कोशिंबीर म्हणत, आणि तिथेही मजा डोळे बांधलेल्याला नाही, बाकीच्यांना येई.

पहिला डाव धाकटीचा. तिने 'बीट सेबर' लावला. २०१८ साली प्राग शहरातल्या एका छोट्या चमूने काढलेला हा खेळ म्हणजे या सगळ्या धंद्याची सोन्याची कोंबडी. दोन्ही हातांत दोन प्रकाशाच्या तलवारी, समोरून गाण्याच्या तालावर लाल-निळे ठोकळे येतात, ठोकळ्यावरचा बाण दाखवेल त्या दिशेने ते कापायचे. आत असलेल्याला हे नृत्य वाटतं, घाम निघतो, आणि खरं सांगायचं तर खेळ चोख आहे: माणूस जागच्या जागी उभा असतो, जग त्याच्याकडे येतं, त्यामुळे डोकं गरगरत नाही. बाहेरून मात्र धाकटी दोन्ही हातांत डास मारायच्या बॅटा घेऊन एका प्रचंड मोठ्या डासाशी झुंजते आहे असं दिसत होतं. समोरच्या इमारतीतल्या काकूंचा फोन आला, "अगं, डेंग्यूची साथ आहे का तुमच्याकडे?"

मग माझी पाळी. भाच्याने माझं वय लक्षात न घेता मला मोटारीच्या शर्यतीत बसवलं.

बोगदा होण्याआधीच्या कशेडी घाटातून ज्यांनी एसटीने प्रवास केला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. आवळासुपारी, खिशातलं लिंबू, कंडक्टरने पुढे केलेली पिशवी हे सगळं त्यांच्या संस्कारांत आहे. एसटीत पुस्तक वाचायला घेतलं तर डोळे म्हणतात बसलो आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हललो आहोत. हेडसेटमध्ये हेच भांडण उलटं. कान शपथेवर सांगतात की गृहस्थ दिवाणावर बसलेले आहेत. डोळे सांगतात की गृहस्थ ताशी दोनशेच्या वेगाने वळणावर आहेत. यावर मेंदू काय करतो? मिशेल ट्रीसमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक तर्क मांडला होता: डोळे आणि कान असे वेगवेगळं बोलू लागले की मेंदूला वाटतं, याच्या पोटात काहीतरी विषारी गेलं आहे, आणि तो पोट रिकामं करण्याचा हुकूम सोडतो. म्हणजे शर्यत लावली भाच्याने, गाडी चालवली मी, आणि शिक्षा झाली सकाळच्या कांदेपोह्यांना.

यंत्रवाल्यांना हे सगळं माहीत आहे. मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंत वीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये, सेकंदाला नव्वदेक चित्रं फिरली पाहिजेत, असे त्यांचे हिशेब असतात. चालण्याने गरगरतं म्हणून कित्येक खेळांनी चालणंच काढून टाकलं आहे. जिथे जायचं तिथे किरण टेकवायचा, बटण सोडायचं, की इथून अंतर्धान आणि तिथे प्रकट. नारदमुनी आयुष्यभर हेच करत होते, आणि त्यांना मळमळल्याचा उल्लेख कुठे नाही.

पण मला सगळ्यात पटलेला उपाय आहे तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा. २०१५ साली तिथल्या मंडळींनी आभासी देखाव्यात मधोमध, खालच्या बाजूला एक नाक काढलं. खऱ्या आयुष्यात आपलं नाक सतत आपल्या नजरेच्या कडेला असतं, मेंदू त्याची दखल घेत नाही एवढंच. हेडसेटमध्ये ते गायब होतं. ते परत बसवल्यावर टस्कनीतल्या बंगल्यातून फिरणारी माणसं मळमळ होण्याआधी सुमारे दीड मिनिट जास्त टिकली, रोलर कोस्टरवरची दोनेक सेकंद. आणि गंमत म्हणजे समोर नाक आहे हे त्यांना जाणवलंही नाही. हे वाचून मला माझ्या मळमळीचं मूळ सापडलं. आम्ही मध्यमवर्गीय जन्मभर नाकासमोर चालणारी माणसं. नाकच काढून घेतलंत तर चालायचं कशासमोर?

शर्यतीनंतर मी कपाळाला बाम चोपडून अर्धा तास पडून राहिलो. मग भाच्याने पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा हेडसेट चढवला आणि नको म्हणून पाच मिनिटांत काढून ठेवला. माझ्यामागून समोरचे काका आले. त्यांनी हेडसेट लावला आणि तीस सेकंदांत त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "काय जिवंत वाटतं हो," ते गदगदून म्हणाले. फोमला लागलेल्या बामाचं श्रेय त्यांनी एका ज्वालामुखीला दिलं, कारण त्या वेळी समोर ज्वालामुखी होता. मॉर्टन हाइलिग या सिनेमावाल्याने 'सेन्सोरामा' नावाचं एक यंत्र बनवलं होतं, १९६२ सालचं त्याचं पेटंट आहे. त्यात तोंड घालून बसलं की न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरून मोटारसायकलची फेरी घडे. खुर्ची थरथरायची, वारा यायचा आणि चक्क वासही यायचे. पैसा घालणारं कुणी भेटलं नाही आणि यंत्र तिथेच राहिलं. त्याने बामवाल्यांना गाठायला हवं होतं.

आता फळीविषयी.

हा खेळ भाच्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. तुम्ही एका लिफ्टमध्ये उभे असता. लिफ्ट वर जाते, बराच वेळ जात राहते. दार उघडतं. समोर ऐंशी मजल्यांखाली शहर, आणि इमारतीच्या बाहेर हवेत काढलेली एक अरुंद लाकडी फळी. तिच्यावरून टोकापर्यंत जायचं. गुण नाहीत, राक्षस नाहीत, काही नाही. भाचा म्हणाला, "पायाखाली खरी फळी ठेवली की जास्त मजा येते." ही आत गेली आणि पूजेचा पाट घेऊन आली.

पाट शिसवी, हिच्या माहेरचा, उंचीला दीड इंच. मी डोळ्यांवर ठोकळा लावण्याआधी तो नीट पाहिला होता. त्याच्याखाली आमच्या हॉलची फरशी होती, फरशीवर सकाळच्या पोह्यांतला एक शेंगदाणा होता, तोही मी पाहिला होता. हे सगळं पक्कं ठाऊक असताना लिफ्टचं दार उघडलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी उजवा पाय पुढे करून अंगठ्याने चाचपलं. लाकूड लागलं. लाकडाची कड लागली. कडेपलीकडे काहीच लागेना, कारण फरशी दीड इंच खाली होती आणि अंगठा तेवढा खाली न्यायची माझी हिंमत नव्हती. खाली मुंग्यांएवढ्या मोटारी फिरत होत्या. तळहातांना घाम सुटला, गुडघे स्वतःच्या मर्जीने लटपटू लागले. मी बँकेतला माणूस, कुठल्याही कागदावर दोनदा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, आणि माझंच शरीर दोन भिंगांच्या पलीकडच्या चित्राला सही-शिक्क्याचा दस्तऐवज समजून बसलं होतं. रायगडला टकमक टोकावर मी उभा राहिलो आहे. तिथे मला इतकी भीती वाटली नव्हती. तिथे निदान माझं नाक जागेवर होतं.

हेडसेटची सगळी करामत मला विचाराल तर या अर्ध्या मिनिटात आहे. टीव्हीवर कितीही उंच कडा दाखवा, माणूस चकली खात बघतो. इथे तोच माणूस पाटावर उभा राहून कुलदैवताला हाक मारतो. हे सोंग नाही, आणि असल्या ताकदीचं दुसरं खेळणं मी पाहिलेलं नाही.

मी पाटाच्या मध्यावर पोचलो होतो. त्याच वेळी आई, सीमारेषा वगैरे न मानता, गोव्यातून उठून महाराष्ट्रात आली आणि माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "चहा."

ऐंशीव्या मजल्यावर, जिथे आसपास पाखरूही नाही, तिथे अदृश्य हात कोपराला लागतो आणि कानाशी कुणीतरी "चहा" म्हणतं, याची कल्पना करा. मी दीड इंचावरून कोसळलो. खाली जाताना खिडक्या वर सरकताना मला स्वच्छ दिसल्या. ठोकळा डोळ्यांवर असल्यामुळे जमीन कधी येणार ते कळेना आणि ती आधीच येऊन गेली होती हेही कळेना, म्हणून जमिनीवर आडवा पडून मी आणखी सात-आठ सेकंद पडत राहिलो. चहा गादीवर गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खालून तीनदा छत ठोकलं.

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा हसणाऱ्यांमुळे पुढे काय रामायण, म्हणजे महाभारत झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आमच्याकडे कुणी हसलं नाही. ही काहीतरी आठवल्यासारखी आत गेली आणि आतून बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज आले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सोसायटीभर झाली. दुपारी दारात अकरा मुलं उभी. खोक्यावर वयाची अट छापली होती, ती वाचून भाच्याने सहा जणांना परत पाठवलं. उरलेल्या पाचांची रांग लागली. आईने प्रत्येकाचं डोकं आधी उजेडात धरून पाहिलं, कारण एका डोक्यावरचा पट्टा दुसऱ्या डोक्यावर जाणार आणि उवांना प्रवासाला तिकीट लागत नाही. संध्याकाळपर्यंत फोमला खोबरेल तेल, पावडर, गंध आणि कुणाच्या तरी वेफर्सचा मसाला असे थर बसले. बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकते, त्यामुळे शेवटच्या मुलाच्या नशिबी नुसता काळोख आला. त्यालाही तो आवडला.

या वस्तूची एवढी हवा का, हे भाच्याने मला रात्री समजावलं. पामर लकी नावाच्या कॅलिफोर्नियातल्या पोराने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये बसून हेडसेट जुळवला, २०१२ साली लोकांकडून वर्गणी मागितली आणि चोवीस लाख डॉलर जमले. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला गेलं की लोक दाराआड उभे राहून "साहेब घरी नाहीत" म्हणतात. दोन वर्षांनी फेसबुकने त्याची कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२१ साली स्वतःचंच नाव बदलून मेटा ठेवलं. सून घरी आली की तिचं नाव बदलण्याची चाल मला माहीत आहे. सून आल्यावर सासूने नाव बदलल्याचं पहिलंच उदाहरण. त्या सासूला या खात्यात एकट्या २०२३ साली सोळा अब्ज डॉलरांचा तोटा आला. तरी दुसऱ्या वर्षी ॲपलने आपला हेडसेट आणला, किंमत तीन हजार चारशे नव्याण्णव डॉलर. लाखांच्या मालाला एक डॉलर कमी लावायची ही रीत बाटाच्या दुकानात बरी दिसते.

यातले बरेचसे ठोकळे शेवटी कपाटावर जातात, हे भाचाही कबूल करतो. १९९५ साली निंटेंडोने 'व्हर्च्युअल बॉय' आणला होता, त्यात सगळं जग फक्त लाल आणि काळं दिसायचं, कारण लाल दिवे स्वस्त पडत होते. वर्षभरात गाशा गुंडाळला. आमच्या माळ्यावरही एक कप्पा अशा वस्तूंसाठी राखीव आहे: पायाला मालीश करणारं यंत्र, सँडविचचा साचा, दोन पट्ट्या तुटलेली पेटी. ही परवा स्टूल लावून तिथे जागा करताना दिसली.

पण एक गोष्ट ऐकून मला बरं वाटलं. 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' नावाचा २०२० सालचा एक नावाजलेला खेळ आहे. त्यातल्या जगावर परग्रहावरच्या शत्रूंनी ताबा घेतला आहे, आणि सुरुवातीलाच एका खोलीत काचा आहेत, काचांवर लिहायला मार्कर आहेत. टाळेबंदीत सॅन दिएगोच्या एका गणिताच्या शिक्षकाने हेडसेट लावून त्या खेळात प्रवेश केला, मार्कर उचलला आणि काचेवर आपल्या विद्यार्थ्यांचा भूमितीचा तास घेतला. अख्खं जग परग्रहवाल्यांच्या टाचेखाली, आणि हे गृहस्थ कोन मोजताहेत. माझे वडील शिक्षक होते. तेही असंच वागले असते, वर उरलेला भाग गृहपाठ म्हणून परग्रहवाल्यांना दिला असता.

जायच्या आधी भाचा दोन दिवस राजापूरकडे, आमच्या जुन्या घरी जाऊन आला. सोबत चारी दिशा एकदम टिपणारा कॅमेरा नेला होता. परत आल्यावर तो आईपुढे बसला. आईने आतापर्यंत एकही खेळ खेळला नव्हता. ती फक्त ओरडायचं काम करत होती.

"आजी, हा खेळ नाही. नुसतं बघायचं."

तिच्या चष्म्यावर ठोकळा बसवताना कुंकू फोमला लागलं, ते कुणी पुसलं नाही. आई खुर्चीत ताठ बसली. मग हळूच मान उजवीकडे वळली, मग डावीकडे, मग वर.

"खळं सारवलेलं नाही," ती म्हणाली.

थोड्या वेळाने, "सुपारी केवढ्या वाढल्या." मग वर वाशाकडे बघत, "इथे तवशी टांगलेली असायची." मग बराच वेळ काही नाही. आम्ही चौघं तिच्याभोवती उभे. ही सवयीने पंख्याच्या बटणावर.

"पुढे ने ना रे."

"आजी, यात पुढे जाता येत नाही. मी जिथे कॅमेरा ठेवला होता तिथूनच दिसतं. मान फिरते, पाऊल नाही."

"दार तर उघडं आहे," आई म्हणाली.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितल्यापासून ती घरात मऊ सपाता घालते. डाव्या पायाने तिने उजवी सपाता टाचेतून सोडवली, उजव्या पायाने डावी, आणि दोन्ही पायांनी त्या नीट एका बाजूला सारल्या. मग उजव्या हाताने निऱ्या जराशा वर धरल्या आणि फरशीवरून एक पाऊल दोन बोटं उचलून पुन्हा टेकवलं. ओटीला तीन पायऱ्या आहेत. तिने तीन वेळा तसं केलं.

हेडसेट काढल्यावर तिने डोळे पुसले, म्हणाली की बाम कुणी लावला होता, आणि उठायच्या बेताने पाय चाचपले.

"माझ्या सपाता?"

"इथेच होत्या की, आई."

"ओटीखाली काढल्यात बघ," ती म्हणाली, आणि आम्ही चौघं दिवाणाखाली वाकलो.